शनिवारी बंद, रविवारीही बंद : फिलाडेल्फियाच्या पाच दुकानदारांचं प्रकरण

शुक्रवारी सूर्य मावळला की दुकान बंद. शनिवारी रात्र पडेपर्यंत उघडायचं नाही, गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं तरी नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातले अब्राहम ब्राऊनफेल्ड आणि आणखी चार व्यापारी हा नेम पाळायचे. पाचही जण ऑर्थोडॉक्स ज्यू, म्हणजे शब्बाथ हा शनिवारचा धार्मिक विसावा काटेकोर पाळणारे. धंदा कपड्यांचा आणि घरसामानाचा, किरकोळ विक्रीचा. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे ऐन सणासुदीच्या खरेदीत शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारचा अख्खा दिवस हातचा जायचा. ही खोट ते रविवारी भरून काढत. रविवारी त्यांची विक्री चांगली व्हायची, आणि त्या विक्रीवरच दुकानाचं गणित उभं होतं.

1959 साली पेनसिल्व्हेनिया राज्यानं एक कायदा केला. रविवारी ठरावीक वस्तूंची किरकोळ विक्री हा फौजदारी गुन्हा ठरला. यादी लांबलचक होती : कपडे, फर्निचर, घरसामान, हत्यारं, रंग, बांधकामाचं साहित्य, दागदागिने, घड्याळं, प्रवासी बॅगा, वाद्यं, खेळणी. पहिल्या वेळी 100 डॉलरपर्यंत दंड, वर्षभरात पुन्हा सापडलं तर 200 डॉलरपर्यंत. 1794 पासूनचा रविवारचा जुना कायदा होताच, पण त्याचा दंड होता 4 डॉलर. महामार्गालगत उभ्या राहिलेल्या मोठमोठ्या सवलतीच्या दुकानांना 4 डॉलरची काय भीती वाटणार? नव्या कायद्याचा बडगा खरा त्यांच्यासाठी होता. पण यादीत कपडे होते आणि घरसामानही होतं, म्हणून तो या पाच जणांवरही पडला.

त्यांच्या स्पर्धकांची दुकानं आठवड्यातून सहा दिवस उघडी. यांची सोमवार ते गुरुवार पूर्ण आणि शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत. त्यांनी पोलीस आयुक्त ब्राऊन यांच्याविरुद्ध फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयात दाद मागितली. म्हणणं साधं होतं : आम्ही धर्म सोडणार नाही, आणि धर्म पाळून हा कायदाही पाळायचा तर धंदा चालणार नाही. ब्राऊनफेल्ड यांनी तर दुकान बंद करावं लागेल आणि घातलेलं भांडवल बुडेल, असंच न्यायालयापुढे मांडलं होतं. खालच्या न्यायालयात ते हरले. 8 डिसेंबर 1960 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाला आणि 29 मे 1961 रोजी निकाल लागला. सहा विरुद्ध तीन. दुकानदार पुन्हा हरले.

कायदा कुठून आला

रविवारच्या सक्तीच्या विश्रांतीचा पहिला प्रसिद्ध हुकूम रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा, इसवी सन 321 चा. शहरातल्या लोकांनी आणि न्यायाधीशांनी त्या दिवशी काम थांबवायचं. शेतकऱ्याला मात्र सूट, कारण पेरणीचा वाफसा रविवार बघून येत नाही. पुढे इंग्लंडमधून ही प्रथा अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये गेली. तिथे या कायद्यांना ‘ब्लू लॉ’ असं नाव पडलं. त्यांची जुनी भाषा उघड धार्मिक होती. पेनसिल्व्हेनियाच्या 1794 च्या कायद्यात ‘प्रभूचा दिवस, ज्याला सामान्यतः रविवार म्हणतात’ असेच शब्द आहेत.

विल्यम पेन यांनी वसवलेलं हे राज्य धर्मस्वातंत्र्यासाठी ओळखलं जातं, तरी 1961 चा निकाल तिथला पहिलावहिला नव्हता. 1817 साली रविवारी काम केल्याबद्दल शिक्षा झालेला एक ज्यू नागरिक राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता; शनिवार पाळतो म्हणून त्याला सूट मिळाली नाही. 1848 साली शनिवार पाळणाऱ्या एका बाप्टिस्ट पंथीयाचा खटला आला. तेव्हाही न्यायालयानं सांगितलं की हा नागरी विश्रांतीचा नियम आहे, कुणाच्या उपासनेच्या आड तो येत नाही. एका शतकाहून अधिक काळानं वॉशिंग्टनमध्ये जे उत्तर मिळालं, त्याचा पाया असा आधीच भरलेला होता.

एका दिवशी चार निकाल

29 मे रोजी रविवारच्या कायद्यांवरच्या चार प्रकरणांचे निकाल एकत्र लागले. त्यातलं मेरीलँडचं प्रकरण वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. ॲन अरुंडेल काउंटीतल्या एका मोठ्या दुकानाच्या सात नोकरांना रविवारी विक्री केल्याबद्दल शिक्षा झाली. विकलेला माल असा : तीन कड्यांची एक फाइल, फरशीच्या पॉलिशचा एक डबा, एक स्टेपलर व त्याच्या पिना, आणि एक खेळण्यातली पाणबुडी. प्रत्येकाला 5 डॉलर दंड आणि खर्च. त्याच राज्यात रविवारी तंबाखू, मिठाई, दूध, पाव, फळं, पेट्रोल, औषधं आणि वर्तमानपत्रं विकायला मुभा होती.

या प्रकरणात सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी मुख्य सिद्धांत मांडला. रविवारच्या कायद्याचा उगम धर्मात असला तरी आज त्याचा हेतू ऐहिक आहे : सगळ्यांना एक दिवस विसावा, घरच्यांची गाठभेट, रस्त्यावर शांतता. म्हणून राज्यानं कुठला धर्म अधिकृत केला, असं होत नाही. हे मत आठ विरुद्ध एक असं टिकलं. एकटे न्यायमूर्ती विल्यम डग्लस विरोधात राहिले.

मला हा भाग पुरता अमान्य नाही. पाणीवाटपाची कितीतरी व्यवस्था, जत्रांचे कितीतरी दिवस धर्मातून आले आणि पुढे लोकव्यवहार होऊन बसले. उगम धार्मिक म्हणून कायदा आपोआप बाद व्हावा, असं मी म्हणणार नाही. अडचण पुढच्या पायरीवर आहे, आणि ब्राऊनफेल्ड यांचा खटला नेमका त्या पायरीवर उभा होता. त्यांचं मुख्य गाऱ्हाणं असं होतं की ज्याचा विसाव्याचा दिवस धर्मानं आधीच ठरवला आहे, त्याच्यावर हा कायदा दुसरा बंद दिवस लादतो आणि त्या दुसऱ्या दिवसाचं नुकसान फक्त त्यालाच सोसावं लागतं.

न्यायालय काय म्हणालं

वॉरन यांच्या मताशी न्या. ब्लॅक, क्लार्क आणि व्हिटेकर सहमत होते, न्या. फ्रँकफर्टर आणि हार्लन यांनी निकालाला दुजोरा दिला, पण कारणं वेगळ्या निकालपत्रात मांडली. फ्रँकफर्टर हे त्या वेळी न्यायालयातले एकमेव ज्यू न्यायमूर्ती. त्यांनी दुकानदारांच्या विरोधात मत दिलं यावर पुष्कळ बोललं जातं. मला त्यात पडायचं नाही. न्यायाधीशानं आपल्या जातीधर्माचा कौल द्यावा अशी अपेक्षा ठेवणंच चूक.

वॉरन यांचा युक्तिवाद असा. श्रद्धा ठेवण्याचं स्वातंत्र्य निरपवाद आहे, पण श्रद्धेप्रमाणे वागण्याचं तसं नाही. हा कायदा शब्बाथ पाळायला मनाई करत नाही, रविवारी चर्चमध्ये जायला लावत नाही. फार तर धर्म पाळणं महाग करतो. असं ‘अप्रत्यक्ष’ ओझं पडलं म्हणून कायदे रद्द करू लागलो तर विधिमंडळाला कामच करता येणार नाही, कारण अमेरिकेत नाना पंथांचे लोक राहतात आणि कुठला ना कुठला कायदा कुणाला ना कुणाला जड जाणारच.

मग प्रश्न उरतो : शनिवार पाळणाऱ्यांना सूट का देऊ नये? सूट देणं कदाचित अधिक शहाणपणाचं ठरेल, हे वॉरन यांनीही मान्य केलं. पण राज्यघटना त्याची सक्ती करत नाही, असं सांगून त्यांनी अडचणी मोजल्या. पोलिसांना एकाऐवजी दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल. रविवारी उघडणाऱ्याला बाकीच्यांवर वरचढ फायदा मिळेल. तो फायदा बघून लबाड माणूस धर्माचं सोंग घेईल, आणि मग सरकारला माणसाच्या श्रद्धेचा खरेखोटेपणा तपासत बसावं लागेल. रविवारी दुकान चालवायला मालक आपल्याच धर्माचे नोकर घेईल, त्यातून आणखी गुंता होईल.

यातली सोंगाची भीती मला पटत नाही. श्रद्धेचा पुरावा मनात शिरून काढायची इथे गरजच नव्हती. शनिवारी दुकान बंद आहे की नाही, हे अख्ख्या गल्लीला दिसतं. आणि किरकोळ बाजारात शनिवारइतका भरभक्कम दिवस दुसरा नाही. तो गमावून दर आठवड्याला कोण सोंग करेल? मेरीलँडच्या पोलिसाला रविवारी दुधाची बाटली चालते आणि खेळण्यातली पाणबुडी चालत नाही एवढा बारकावा कळत असेल, तर बंद दार आणि उघडं दार त्याला नक्की कळलं असतं.

वरचढ फायद्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे. रविवारी सगळा बाजार बंद आणि एकच कापडाचं दुकान उघडं, तर गर्दी तिथेच जाईल. शेजारच्या दुकानदाराला हे टोचणारच. पण त्यावर उपाय काढता येतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतानं काढला होता : शनिवारी बंद राहणाऱ्या दुकानाला रविवारी मुभा, मात्र कामावर सातच माणसं आणि जागा 5000 चौरस फुटांपर्यंत. म्हणजे घरचं, छोटं दुकान वाचेल आणि मोठा व्यापारी धर्माच्या आडून बाजार खाणार नाही. 1986 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा कायम ठेवला. या मर्यादेबाहेर गेलेल्या दुकानांवर अन्याय झाला असं म्हणता येईल, पण निदान तिथल्या कायदेमंडळानं शनिवार पाळणारा माणूस अस्तित्वात आहे हे धरून तो लिहिला होता.

तिघांचा विरोध

डग्लस इथेही विरोधात होते. दुसरे न्या. विल्यम ब्रेनन, त्यांनी आकडा समोर ठेवला. रविवारचे व्यापक निर्बंध असलेल्या 34 राज्यांपैकी 21 राज्यांत अशी सूट होतीच, आणि तिथे काही आभाळ कोसळलं नव्हतं. ब्रेनन यांचा सवाल होता की दुकानदारांच्या धर्मस्वातंत्र्याला आडवं येण्याइतकं राज्याचं हित तरी कोणतं? सगळ्यांनी एकाच दिवशी विसावा घ्यावा, एवढी सोय. न्यायालयानं कारभाराच्या सोयीला राज्यघटनेच्या उंचीवर नेऊन बसवलं, असं त्यांनी लिहिलं.

न्या. पॉटर स्ट्युअर्ट यांचं मत अगदी थोडक्यात आहे. पेनसिल्व्हेनियाचा कायदा ऑर्थोडॉक्स ज्यूला धर्म आणि पोट यांतून एकाची निवड करायला लावतो, आणि ही निवड क्रूर आहे, असं ते म्हणाले. सगळा खटला त्या एका वाक्यात येतो.

‘अप्रत्यक्ष’ हा शब्द इथे मला फसवा वाटतो. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याच्यासाठी ओझं अप्रत्यक्ष असेल. ज्याचं सगळं भांडवल एका दुकानात अडकलं आहे, त्याला कायदा सरळ सांगतो की एक तर शनिवारी उघड, नाही तर टाळं लाव.

त्याच दिवशी निकाली निघालेलं मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचं प्रकरण या बाबतीत आणखी बोलकं आहे. तिथे एक कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांत बसणाऱ्या मालाचं दुकान होतं. त्याच्या आठवड्याच्या विक्रीतला सुमारे एक तृतीयांश हिस्सा रविवारचा. राज्यानं शनिवार पाळणाऱ्यांना रविवारी सकाळी 10 पर्यंत कोशर मांस विकायची सवलत दिली होती. पण शनिवारी रात्री उशिरा आणि रविवारी 10 पर्यंत दुकान उघडणं परवडत नव्हतं, म्हणून ती सवलत कागदावरच राहिली. गिऱ्हाईकही बहुतांश शब्बाथ पाळणारंच. त्यांनी मांस घ्यायचं कधी? फेडरल न्यायालयानं कायदा घटनाबाह्य ठरवला होता, सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला.

कोकणातला शनिवार

हे वाचताना मला कोकण आठवतं, आणि ते ओढूनताणून नाही. रायगड जिल्ह्यात, नवगाव-अलिबागच्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या राहिलेले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू लोक घाण्यावर तेल गाळायचे. शनिवारी त्यांचा घाणा बंद. गावानं त्यांना नाव दिलं शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. कुणाचा दिवस कुठला हे गावाला ठाऊक होतं आणि तेच नाव होऊन बसलं. केहिमकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर अशी गावावरून आडनावं लावणाऱ्या या लोकांना शनिवार पाळण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही. गावगाड्यात जातीचे जाच होते, ते विसरून मी हे सांगत नाही. पण विसाव्याच्या दिवसापुरतं तरी तिथे जे जमलं, ते फिलाडेल्फियात जमलं नाही.

सगळ्यांना मिळून एकच सुट्टी हवी, या मागणीची दुसरी बाजूही आपल्याकडेच सापडते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली. 1884 साली साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं, 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा घेतली, आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, हे त्यांच्या मांडणीत होतं. नवरा एका गिरणीत आणि बायको दुसऱ्या गिरणीत असली की दोघांची सुट्टी एका दिवशी पडणं किती मोलाचं असतं, हे गिरणगावातल्या कुठल्याही घराला विचारावं. वॉरन यांनी समाईक दिवसाला जे मोल दिलं, ते खोटं नव्हतं. पण लोखंड्यांची लढाई होती कामगाराला सुट्टी मिळवून देण्याची, मालकाच्या हातातून एक दिवस सोडवण्याची. आधीच एक दिवस बंद राहणाऱ्या दुकानदाराकडून आणखी एक दिवस काढून घेणं ही वेगळी गोष्ट आहे.

पुढे आपल्या कायद्यांनी हा फरक ओळखला. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमात दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचं होतं. कुठला दिवस, ते दुकानदारानं वर्षाच्या सुरुवातीला निरीक्षकाला कळवायचं. म्हणून तर आपल्याकडे बाजाराबाजाराला वेगळा वार. सलून सोमवारी बंद, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. आमच्या गल्लीतल्या कापडाच्या दुकानावर ‘सोमवार बंद’ ही पाटी मी लहानपणापासून बघतो आहे, अक्षरं दोनदा नव्यानं रंगवलेली. 2017 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं दुकान सातही दिवस उघडं ठेवायला मुभा दिली आणि हक्क कामगाराकडे नेला : प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस सलग 24 तासांची सुट्टी. दिवस कुठलाही असला तरी विसावा चुकत नाही. वॉरन यांनी ज्या अडचणी मोजल्या, त्यांच्यासकट ही व्यवस्था कित्येक दशकं चालली. सरकारी निरीक्षकानं कुणाच्या श्रद्धेची झडती घेतली नाही, फक्त कळवलेला वार तपासला.

निकालानंतर

दोनच वर्षांनी, 1963 साली, दक्षिण कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गच्या कापडगिरणीतली कामगार ॲडेल शर्बर्ट सर्वोच्च न्यायालयात आली. ती सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, शनिवारी काम करायला नकार दिला म्हणून नोकरी गेली आणि मग बेकारभत्ताही नाकारला. त्या राज्याच्या कायद्यात रविवारी काम करायला मन न धजणाऱ्या गिरणी कामगाराला संरक्षण होतं, शनिवारवाल्याला नव्हतं. या वेळी ती जिंकली, सात विरुद्ध दोन. निकाल लिहिला ब्रेनन यांनी. स्ट्युअर्ट यांनी सहमती देताना स्पष्टच लिहिलं की हा निकाल ब्राऊनफेल्डच्या निकालाशी विसंगत आहे आणि तो आधीचा निकाल चुकीचा होता. बहुमतानं मात्र दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत असं दाखवून तो कायम ठेवला. शर्बर्टला भत्ता मिळाला, ब्राऊनफेल्ड यांना रविवार मिळाला नाही.

पेनसिल्व्हेनियाचा रविवार-विक्रीचा कायदा 1978 साली राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. कारण धर्मस्वातंत्र्य नव्हतं. कायद्यात अपवाद इतके वाढले होते की कुणाला मुभा आणि कुणाला बंदी याला काही धरबंध उरला नव्हता. राज्यघटनेतल्या समानतेच्या कसोटीवर तो टिकला नाही.

आणि मग 2023. पेनसिल्व्हेनियाच्याच लँकेस्टर काउंटीतले टपाल कर्मचारी जेराल्ड ग्रॉफ. हे ख्रिस्ती, रविवार पवित्र मानणारे. टपाल खात्यानं रविवारी ॲमेझॉनची पार्सलं पोचवायला सुरुवात केली आणि त्यांच्यावर कारवाई होऊ लागली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून दाद मागितली. इथे प्रश्न राज्यघटनेचा नव्हता, नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्याचा होता. 29 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की किरकोळ गैरसोयीचं कारण पुढे करून मालकाला हात झटकता येणार नाहीत. कर्मचाऱ्याला सवलत दिली तर त्या धंद्याला खरोखर लक्षणीय जादा खर्च येतो, हे त्यानं दाखवलं पाहिजे. या निकषावर ग्रॉफ यांचं प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयाकडे गेलं. आता बाजार रविवारी उघडा आहे आणि कायद्याकडे धाव घ्यायची पाळी रविवार पाळणाऱ्यावर आली आहे. त्याच्या बाजूनं सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवार पाळणारेही उभे राहिले होते.

खर्च किती येतो ते दाखवा, हा प्रश्न आज मालकाला विचारला जातो. 1961 साली पेनसिल्व्हेनिया राज्याला तो कुणी विचारला नाही. पाच दुकानं रविवारी उघडी राहिली असती तर फिलाडेल्फियाच्या विसाव्यात नेमकी किती तूट आली असती, याचा हिशेब त्या निकालपत्रात कुठेही मांडलेला नाही. ब्राऊनफेल्ड यांनी मात्र आपला हिशेब अर्जात मांडला होता.